तांब्याच्या वेणीवरचा लाल रंग

भाऊजी,

परवा गावानं तुमच्यासाठी शाळेच्या ओसरीवर शोकसभा घेतली. खुर्चीवर तुमचा फोटो, फोटोला हार, हाराला मुंगळे. पाच जण बोलले आणि त्यांतल्या चौघांनी स्टार्टरचीच गोष्ट सांगितली. ‘मिस्त्रीनं बिघडवून ठेवलेली मोटार आपल्या गावच्या जावयानं एका सकाळी सुरू करून दाखवली,’ असं म्हणून हेडमास्तरांनी डोळे पुसले. मला पुढच्या सतरंजीवर बसवलं होतं. मान हलवणं एवढंच माझं काम, आणि ते मी इतकं झकास केलं की मागून कोणीतरी म्हणालं, “साळ्याले लई लागलं बा.”

खरं सांगू? मला रडू येत नव्हतं. 

सभा संपल्यावर हेडमास्तरांनी वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी माझ्याकडून चार पानं मागितली. “जावईबापूंच्या आठवणी लिहा. तुमच्याइतकं जवळचं कोण?” ही ती पानं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, एवढी रीत मलाही समजते. पण यातलं निम्मं वाईट माझं आहे, आणि माझ्या वाट्याचं लिहायला लागलो की तुमचं मागोमाग येतंच. त्याला माझा इलाज नाही.

एकुलत्या एका बहिणीचा नवरा आमच्या गावात काय असतो, ते सुख तुम्ही वर्षानुवर्षं उपभोगलंत. तुम्ही यवतमाळहून कळंबच्या स्टँडवर उतरलात की आमची बैलांची दमणी हजर. घरात पुरण शिजायला लागायचं आणि बाबा आपली आरामखुर्ची सोडून बाजेवर जायचे. तुम्ही म्हणालात भाजी खारट, तर त्या वर्षीचं मीठच खराब निघालं असं ठरायचं. तुमचं चुकलं असं त्या घरात कोणी कधी म्हणालं नाही. तुम्हाला तरी आपलं चुकतं हे कळणार कुठून?

आणि बाबांची ती मोटार. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतलेली, लढाईच्याही आधीची, काळी, दोन गोल दिवे डोळ्यांसारखे पुढे काढलेली. कपाशीच्या एका चांगल्या वर्षाचा तो उन्माद. दोन-तीन वर्षांत तिचा स्टार्टर मुका झाला आणि पुढे कित्येक वर्षं ती हँडलवर चालली. हँडल मारायचं काम माझ्याकडे होतं. मी पंधरा वेळा फिरवायचो, सोळाव्यांदा गाडी शिंकायची, सतराव्यांदा मी खाली बसायचो. तुम्ही हसायचात. मग महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तुम्ही कोट काढून म्हणालात, “सरका, साळेबुवा, जोर पाहिजे जोर,” आणि हँडलनं उलटा झटका देऊन तुमचं मनगट उतरवलं. मी तोंड फिरवून हसलो. तुम्ही ते पाहिलं होतं, हे मला माहीत आहे.

त्याच हट्टानं तुम्ही नागपूरच्या जुन्या बाजारात तीन दिवस हिंडलात आणि त्याच जातीच्या एका मोडीत निघालेल्या गाडीचा स्टार्टर शोधून आणलात. कळंबपर्यंत तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. ताईला वाटलं, खरबूज आणलं. बाबा मात्र त्याच्यावरून हात फिरवत बसले. म्हणाले, “मरायच्या आधी एक डाव बटणावर चालू झालेली पाहीन.” एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली असेल. तुम्ही ती मनावर घेतलीत. ते मी कधी विसरलो नाही, आजही विसरत नाही.

तो बसवायला आला थावरा मिस्त्री. कळंबच्या पलीकडच्या तांड्यावरचा. त्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. रेल्वे आली, ते काम सरलं, तांडा शेतीला लागला. थावरा मात्र लढाईत लष्करी ट्रकांच्या खाली झोपून वायरिंग शिकून आला होता. बुटका, काळाभोर, बोलताना माणसाकडे न बघता नटाकडे बघणारा. दोन दिवस तो आमच्या अंगणात होता आणि त्यातला दीड दिवस त्यानं नुसतं घासलं. स्टार्टरचं तोंड घासलं, इंजिनावरची त्याची बैठक घासली, चेसिसवरची बोटाएवढी जागा काचकागदानं चांदीसारखी केली.

“अजून किती घासता, मिस्त्री?” तुम्ही विचारलंत. “लग्नाचं भांडं आहे का?”

“लोखंड उघडं पाहिजे, साहेब. करंट जाते वायरनं अन् वापस येते अंगानं. अंगावर मळ असला तर येईन कुठून?”

“म्हंजे एकच वायर? आमच्या यवतमाळच्या घरी दिव्याले दोन असतात.”

“घराले अंग कुठं असते, साहेब? गाडीले असते.”

मी हसलो. तुम्ही हसला नाहीत.

बॅटरीपासून पायाच्या बटणापर्यंत आणि तिथून स्टार्टरपर्यंत त्यानं अंगठ्याएवढी जाड वायर नेली. एवढी जाड कशाला, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, “सहा व्होल्टाची बॅटरी हाय. जोर कमी, म्हून वाट रुंद पाहिजे.” मग त्यानं शेवटचं काम काढलं. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं, त्यामुळे इंजिनातून चेसिसमध्ये करंट परत यायला मध्ये तांब्याचा उघडा पट्टा लागतो. जुना तुटून गेला होता. थावरा आंब्याखाली बसला, बारीक तारांचे नऊ पदर केले आणि वेणी घातली. घट्ट, चपटी, एकसारखी. मी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

“हे लष्करात शिकवतात?”

“नाही जी. याडीनं शिकवलं. माय माही गोणीचे पट्टे इणे. हात थेच, सूत बदललं.”

वेणीचं एक टोक इंजिनाला, दुसरं चेसिसला कसून झालं आणि त्यानं बाबांना आत बसवून त्यांचा पाय बटणावर ठेवला. बाबांनी दाबलं. गाडी एका दमात धडधडली. त्यांनी बंद करायला लावली, पुन्हा दाबलं, पुन्हा बंद, पुन्हा दाबलं. पाच वेळा. दात नसलेलं ते हसू अजून डोळ्यांपुढे आहे. थावरानं हत्यारं आवरली. “वायरीले दोन चिमटे माराचे राह्यले. पोळा झाला का दुसऱ्या दिवशी येतो,” म्हणाला आणि सणाला तांड्यावर गेला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकले आणि त्यांच्या कानाशी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हटलं. तुम्हाला लहर आली. तुम्ही गाडीच्या मडगार्डलाही तूप-हळद चोळलीत आणि दिव्याशी वाकून तिलाही आवतन दिलंत. सगळं घर हसलं. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट गोडच राहिली असती. पण शिंगांना लावायचा लाल ऑइलपेंट अर्धा डबा उरला होता. तुम्ही बोनेट उघडलंत. डबा माझ्या हातात होता.

“साळेबुवा, हे वायर नागडी काहून ठेवली त्यानं?”

“तशीच असते म्हने जी.”

“म्हने! उद्या बोनेट उघडून गावाले दाखवाचं आहे. कोनाचा हात लागला तर? अन् दिसते कशी, उंदरानं कुरतडल्यावानी.”

तुम्ही दोन्ही नट काढून वेणी सोडवलीत. बैलाच्या शिंगाला लावतात त्या हौसेनं तिला रंगवलंत. टोकं रंगवलीत, थावरानं चांदीसारख्या केलेल्या दोन्ही जागा रंगवल्यात, बोल्टसुद्धा. दोन हात दिलेत, उन्हात वाळवलंत. आवळताना रंग खरवडू नये म्हणून सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून दोन्ही टोकांखाली घातल्यात आणि वेणी परत बांधलीत. इतकं निगुतीचं काम तुम्ही यवतमाळच्या आपल्या अडतीच्या दुकानातही कधी केलं नसेल.

मला थावराचं ‘लोखंड उघडं पाहिजे’ आठवत होतं. अगदी शब्दन् शब्द. मी बोललो नाही. जावयाला कसं बोलायचं, हे एक. आणि दुसरं सांगायला लाज वाटते, पण तो लाल रंग तांब्यावर फार शोभत होता.

बेत तुमचा. आपली बैलजोडी गाडी ओढत तोरणाखाली नेणार. पोळा फुटला की बैल सोडायचे, बाबा मागच्या सीटवर फेटा बांधून बसलेले, तुम्ही बटण दाबायचं आणि गाडी बैलांच्या मागून वाजतगाजत गावात. तोरणाखाली सगळा गाव. बोनेट उघडून दाखवणं झालं, आतला लाल रंग बघून बायांनी ‘अवं माय’ केलं. झडत्या गाऊन झाल्या, ‘हर हर महादेव’ झालं, तोरण तुटलं. तुम्ही पाय दाबलात.

आतून नुसतं ‘कट्’ झालं. मग कण्हल्यासारखा एक आवाज. तुम्ही पाय काढायला तयार नाही. करंटला परत यायची मोठी वाट आपण रबर घालून बुजवली होती, म्हणून तो बिचारा मिळेल त्या वाटेनं निघाला आणि त्याला सापडली इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत गेलेली चोकची बारीक तार. ती लालबुंद झाली. तिच्यावरचं कापड पेटलं, डॅशबोर्डातून काळा धूर निघाला. रबर जळल्याचा आणि ताज्या ऑइलपेंटचा तो वास! आजही कोणी दाराला रंग दिला तर मी जेवण टाकून उठतो. बैल बिथरले. बाबांना आम्ही दोघांनी ओढून बाहेर काढलं, फेटा आतच राहिला. उघड्या डोक्यानं ते उभे होते आणि गाव हसत होतं. बायामाणसं, म्हातारेकोतारे, सगळे. बाबा कोणाकडे न बघता घराकडे चालू लागले. पुन्हा त्या गाडीत ते कधी बसले नाहीत.

मग तुम्ही ओरडलात. “दगा देल्ला त्यानं! तांड्याचा मानूस लावला, आनखी काय होईन? चांगली वायर काहाडून नेली अन् कचरा भरला!”

हसणं थांबलं. गाव एकदम तुमच्या बाजूचं झालं. “हौ ना, चोरटी जात,” कोणी म्हणालं. “आमच्याही इंजिनाचं काही गेलं असंन पाहा.” सरकारनं तांड्यांच्या कपाळावरचा ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का पुसून फार तर सात वर्षं झाली असतील. आपण तो तोरणाखाली एका वाक्यात परत मारला. ‘आपण’ म्हणतो, कारण मला त्या वेळी हायसं वाटलं, भाऊजी. लोक आपल्याला हसायचे थांबले म्हणून मला बरं वाटलं. या बरं वाटण्याची मला जितकी किळस येते तितकी तुमच्या खोटेपणाचीही येत नाही.

दुसऱ्या दिवशी बोलल्याप्रमाणे थावरा आला. हातात दोन चिमटे. फाटकाशी दहा-बारा जण जमलेलेच होते. तुम्ही त्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाहीत. जे जे बोललात ते इथे लिहीत नाही. हस्तलिखित शाळेतली मुलंही वाचतात. तो ऐकून घेत होता. मग त्यानं एवढंच विचारलं, “जळलं काय, साहेब?”

“चोकची तार जळली, बाप जळता जळता वाचला!”

“चोकची तार जळली म्हंजे अंगाची वाट बंद झाली.” पहिल्यांदाच तो माणसांकडे बघून बोलत होता. “इंजिनापासून चेसिसले वेणी जाते, थे पाहा. मी हात नाही लावत. तुमच्यातलं कोनीही पाहा. टोकं उघडी हायेत का, एवढंच.”

एवढ्या लांबून, बोनेटसुद्धा न उघडता, त्यानं रोग सांगितला होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण गाडीजवळ मी उभा होतो. तुम्हीही बघितलंत. त्या नजरेत धमकी नव्हती, हे मी आज कबूल करतो. तुम्हालाही त्याच क्षणी उमगलं होतं आणि तुम्ही घाबरला होतात. मी बोनेटला हातही लावला नाही.

म्हणालो, “पाह्यली. बरोबर आहे.”

“तुम्ही सोता पाह्यली?”

“हो.”

त्यानं हातातल्या चिमट्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, “मंग माहंच चुकलं असंन.” चिमटे फाटकाच्या खांबावर ठेवले आणि निघून गेला. चोर म्हटलं तेव्हा वाकला नव्हता तो. माझ्या ‘हो’नं वाकला.

चार दिवसांनी घरात कोणी नाही बघून मी चकत्या काढल्या, चाकूनं रंग खरवडला, लोखंड उघडं केलं. चोकला नवी तार घातली. बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो. पुढच्या शनिवारी तुम्ही आलात तेव्हा माडीवर नेऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही आधी हसलात, मग माझ्या खांद्यावर हात ठेवलात.

“साळेबुवा, मिस्त्रीले दहा गावं आहेत. आपल्याले हे एकच गाव आहे.”

संध्याकाळी तुम्ही पारावरून गाडीचा फेरा मारलात आणि कोणी विचारलं तर म्हणालात, “मीच केली दुरुस्त, सकाळी बसून.” परवाच्या सभेतलं भाषण त्या दिवशी जन्माला आलं.

आणि दहा गावं कुठली? त्यानंतर कळंब ते यवतमाळ कोणी थावराला गाडीला हात लावू दिला नाही. वर्षभरात तो बायकोच्या माहेराकडे, मुकुटबनला गेला. बाजारात सायकलींचे पंक्चर काढतो, असं एका तांडेकऱ्याकडून माझ्या कानावर आलं. मी ऐकलं आणि विड्याला चुना लावला.

दोन वर्षांनी माझी बायको अडली. सुईणीनं हात टेकले. चैत्रातली भर दुपार. दमणीनं यवतमाळ गाठेपर्यंत काही राहिलं नसतं. योगायोगानं तुम्ही आलेले होतात. जेवणाचं ताट सरकवून उठलात, तिला मागे निजवलं, ताईला शेजारी बसवलं. नाल्याच्या रेतीत इंजिन तीनदा बंद पडलं. तीनदा तुम्ही पाय दाबलात आणि तीनदा ते धडधडत उठलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही घामानं निथळत उभे होतात आणि मुलगी झाल्याचं कळल्यावर माझ्याआधी तुम्ही रडलात. माझी पोर तुमच्यामुळे आहे. हे मी गावापुढे शंभरदा बोललो. पण रेतीत दर वेळी करंट ज्या वेणीतून परत आला ती कोणाच्या हातची, हे एकदाही बोललो नाही.

तिथंच, व्हरांड्यात, मी म्हणालो होतो, “भाऊजी, आता तरी थावराले सांगू.” तुम्ही म्हणालात, “सांगू, सांगू. बाळंतीन घरी तं येऊ दे.” बाळंतीण घरी आली. बारसं झालं. मग दर पोळ्याला मी विषय काढायचा आणि तुम्ही म्हणायचं, “तुमची गाडी त्याच रेतीत फसून राह्यली बा अजून.” मग आपण दोघं हसायचो. वाद घातल्याचं पुण्य मला, वाद टाळल्याचं सुख तुम्हाला. असा तो वाद सहा वर्षं चालला.

आता शेवटचं. या उन्हाळ्यात तुम्ही पिवळे पडून अंथरुणाला खिळलात. मी उशाशी बसलो होतो. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, “थो थावरा कुठं असते आता?”

मला माहीत होतं. गाव माहीत होतं, बाजाराचा वारही माहीत होता. मी म्हणालो, “काय माहीत जी.”

का म्हणालो? मुकुटबनला जायचं म्हणजे दोन एस.टी. बदला, ऊन सोसा, हे एक. पण खरं कारण असं, की तुम्ही त्याला बोलावलं असतं, माफी मागितली असती, तर तो माझ्याकडे वळून म्हणाला असता, ‘पण तुम्ही तं पाह्यली होती.’ तुम्हाला माफी मागायची होती की सहज विचारत होतात, हे आता कधीच कळायचं नाही. तुम्ही कूस बदललीत. नवव्या दिवशी गेलात.

परवा सभेहून परत येताना शेजारचे शामरावकाका बरोबर होते. ताई चार पावलं मागे. काका म्हणाले, “मास्तर बोलले झकास. बाकी, त्या पोळ्याले जावईबापूच्या बोटाले लाल रंग व्हता. आमी तवाच पाह्यलं.”

मी थांबलो. “काय पाह्यलं?”

“आता काय सांगू बा. त्याइनंच रंगवलं, त्याइनंच बिघडवलं. चार-सहा जनाइले माहीत व्हतं.”

“मंग बोलले काहून नाही?”

“जावई व्हते ना. अन् तूच तं बोल्ला, पाह्यली म्हून.”

अख्ख्या गावाच्या तोंडात आठ वर्षं हा घास होता. कोणी गिळला नाही, कोणी थुंकला नाही.  मागं वळलो तर ताई उभी.

घरी आल्यावर तिनं मला चुलीपुढं बसवलं. “तू पाह्यली होती?”

“नाही.”

“रंग लावला थे मालूम होतं?”

“डबा मीच धरला होता.”

तिनं चुलीतली लाकडं आत सारली. तुम्हाला शिव्या देईल किंवा मला, असं वाटलं. तिनं थावरा कुठं असतो एवढंच विचारलं आणि मी सांगितलं. म्हणाली, “उद्या मुकुटबनचा बाजार आहे. चाल.”

“ताई, महिनाही नाही झाला. तू असं घराबाहेर पडली तर लोक काय म्हनतीन?”

“लोक काय म्हनतात अन् काय नाही म्हनत, थे आज समजलं मले.”

एस.टी.त मी वाक्यं जुळवत होतो. ‘काही गैरसमज झाला होता’ असं एक जमलंही होतं. बाजारात लिंबाखाली पाण्याची घमेली, पंप, उलटी टांगलेली सायकल, आणि खाली थावरा. केस पांढरे. नजर अजून नटावरच. मी घसा साफ करून म्हणालो, “मिस्त्री, वळख लागते का?” त्यानं वर पाहिलं, ओळखलं, आणि पुन्हा ट्यूबवर घासायला लागला.

ताईनं मला हातानं बाजूला केलं. “मी त्याइची बायको. गेले थे. मोटरीच्या वेणीले रंग त्याइनंच लावला होता. दोनी टोकाले. खाली रबर घातलं होतं. तुमचं काम बरोबर होतं. तुम्हाले चोर म्हनलं थे खोटं होतं, अन् ह्यानं ‘पाह्यली’ म्हनलं थेही खोटं.”

थावराचा हात थांबला.

“रबर?” त्यानं विचारलं.

“हो. सायकलच्या ट्यूबचं.”

“दोनी टोकाले?”

“दोनी.”

त्यानं हातातली ट्यूब खाली ठेवली. “आठ वर्स मी थे वेनी मनात उसवून राह्यलो, बाई. नऊ पदर कमी पडले असतीन, असं वाटे. म्हातारा जळला असता, असं वाटे. तवापासून एकाही स्टार्टरले हात नाही लावला.” बाजाराच्या गलबल्यात त्याचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. “याडीले सांगतलं होतं, तुही वेनी कच्ची निंगाली म्हून. थे तसंच समजून मेली.”

ताईनं डोळ्याला पदर लावला नाही. उभी राहिली, त्याच्याकडे बघत. थावरा उठला, मागून एक स्टूल ओढलं, सदऱ्याच्या टोकानं पुसलं.

“बसा, बाई. उन्हातून आल्या.”

ती बसली. त्यानं मडक्यातलं पाणी दिलं. तुमच्याविषयी विचारलं, किती दिवस आजारी होते, त्रास झाला का. ती सांगत गेली, तो ऐकत गेला. त्या माणसानं तुमच्यासाठी ‘अरेरे’ म्हटलं, भाऊजी, मनापासून.

मी बाजूला उभा होतो. एकच स्टूल असेल बिचाऱ्याकडे, अशी मी मनाची समजूत घालत होतो. मग झाडाच्या बुंध्याला टेकून ठेवलेलं दुसरं दिसलं. चांगलं होतं, चारही पाय धड. आम्ही तिथं तासभर होतो, आणि तासभर ते रिकामं होतं.